तोंडचे आणि टाकाचे

दिवाळी अंकातला समीक्षेचा लेख वाचणारे वाचक थोडे, आणि हातात चकली असताना तो वाचणारे त्याहून थोडे, हे मला ठाऊक आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकते, की हा लेख कोणत्याही वादाविषयी किंवा संप्रदायाविषयी नाही. माणूस तोंडाने जे बोलतो ते कागदावर उतरवताना त्याचे काय होते, एवढाच माझा विषय आहे, आणि तो तुमच्या घरातलाही आहे. हल्ली घरोघरी कोणी ना कोणी आजी-आजोबांपुढे मोबाइल धरून बसलेले असते आणि 'आजी, तुझ्या लहानपणचं सांग ना' म्हणून आठवणी भरून घेत असते. फार चांगली गोष्ट आहे. मीही ती केली. ती करताना मी कशी तोंडघशी पडले, आणि त्यानंतर आपल्या काही मान्यवर पुस्तकांकडे मी कोणत्या नजरेने पाहू लागले, ते सांगावयाचे आहे.

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. एका लहानशा खासगी शाळेत मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. भाषाशास्त्र मला येत नाही. पण ह्या दोन्ही व्यवसायांत एक काम सारखेच करावे लागते, ते म्हणजे ऐकलेले लिहिणे.

शाळेत आठवड्यातून दोनदा शुद्धलेखनाचा तास असतो. मी वाक्य सांगते, मुले लिहितात. गेल्या वर्षी दुसरीतल्या एका मुलाने 'विहिरीत पाणी होते' हे माझे वाक्य वहीत 'हिरीत पानी व्हतं' असे लिहिले. आता पाहा, त्याने चुकीचे ऐकले होते काय? मुळीच नाही. त्याने ते नीट ऐकले, समजून घेतले, घरच्या भाषेत फिरवले आणि मग लिहिले. एवढे काम त्या पोराने घटकाभरही न दवडता केले, आणि मी त्याच्या तिन्ही शब्दांखाली लाल रेघा ओढल्या. ओढल्या पाहिजेत, नाहीतर पुढच्या इयत्तेत त्याचेच हाल होतील. तो वाद मी इथे काढीत नाही. पण त्याच रात्री मी कादंबरीचे एक प्रकरण लिहावयास बसले. त्यात एक शेतकरी येतो आणि म्हणतो, "हिरीत पानी न्हाई." लिहिता लिहिता माझाच हात थांबला. दिवसा ज्या शब्दांवर मी रेघ ओढली, तेच शब्द रात्री मी कौतुकाने लिहीत होते. आणि पुस्तक बाहेर पडले की कोणीतरी परीक्षक 'बोलीचा अस्सल बाज' म्हणून त्याच शब्दांसाठी माझी पाठ थोपटणार होता!

आम्हा कादंबरीकारांची ही लबाडी वाचकांनी कधीतरी पकडावयास हवी. आमच्या पुस्तकांत शेतकरी कानाप्रमाणे बोलतो आणि डॉक्टर शब्दकोशाप्रमाणे बोलतो. वस्तुतः डॉक्टरही 'पाहिलं' म्हणत नाही, 'पाह्यलं' म्हणतो. 'मला माहीत आहे' म्हणत नाही, 'मला माहितै' म्हणतो. पण त्याच्या तोंडचा प्रत्येक उच्चार आम्ही इस्त्री करून छापतो आणि शेतकऱ्याचा तेवढा चुरगळलेला ठेवतो. १९६२ साली जे लेखनविषयक नियम ठरले, त्यांत एक फार शहाणपणाचा नियम आहे: पात्राच्या तोंडी मजकूर घालताना तो बोलण्याप्रमाणे, म्हणजे 'त्यानं केलं' असा लिहावा, आणि एरवी 'त्याने केले' असे लिहावे. म्हणजे बोलणे वेगळे आणि लिहिणे वेगळे हे नियम करणारांनाही मान्य होते. फक्त कोणाचे बोलणे किती वेगळे दाखवावयाचे, हे मात्र त्यांनी आमच्यावर सोडले, आणि आम्ही ते पागोटे-टोपी पाहून ठरवीत आलो.

तसे पाहिले तर आपली लिपीही सगळे सांगत नाही. 'जरा थांब' ह्यातला 'जरा' आणि म्हातारपण ह्या अर्थाची 'जरा' कागदावर अगदी सारख्या दिसतात. तोंडाने म्हणून पाहा, जीभ दोन वेगळ्या ठिकाणी लागते. मराठी माणसाला अर्थावरून कळते म्हणून आपण चालवून घेतो. लिहिणे म्हणजे मुळातच काहीतरी गाळणे आहे. प्रश्न एवढाच, की काय गाळावयाचे ते कोणी ठरवावे.

आता माझ्या आत्याकडे वळते.

आत्या पाटण तालुक्यातल्या एका वाडीत राहते. आज तिचे वय ८४ आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. त्यात सुमारे पावणेदोनशे माणसे गेली आणि हजारो घरे बसली. तेव्हा आत्या २६ वर्षांची होती. त्या पहाटेविषयी आमच्या घरात कोणी उघड बोलत नसे. आत्याची पहिली मुलगी त्यात गेली, एवढेच आम्हा मुलांना ठाऊक. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी तिच्याकडे गेले, पडवीत बसले, मोबाइल तिच्या शेजारी सुपावर ठेवला आणि विचारले, "आत्या, त्या पहाटेचं सांगतेस का?" ती बराच वेळ शेंगा फोडीत राहिली. मग जे बोलली ते, ऐकू आले तसे, असे:

"थंडी लई व्हती. समदी झोपल्याली. गंगी माज्या कुशीत व्हती, सा म्हयन्याची. आन् जिमीन हालली न्हाई बग, उचालली. भांडी पडली, मंग भिताड पडलं. सासूनं माजा हात धरून वडलं."

इथे ती थांबली. मी नंतर मोजले, १९ सेकंद. त्या १९ सेकंदांत एक कोंबडी ओरडते, लांब एस.टी.चा भोंगा वाजतो, आणि शेंगा फोडल्याचा आवाज बंद पडलेला आहे. मग आत्या म्हणते, "म्हस वाचली."

हे रेकॉर्डिंग मी माझ्या बहिणीच्या मुलाला ऐकवले. तो पुण्याला शिकतो. म्हणाला, "मावशी, तू कशाला लिहीत बसतेस? यंत्र लिहून देईल." २०१७ पासून आपल्या मोबाइलवर मराठीत बोलून टंकलेखन करता येते, हे मला माहीत होते, शाळेची पत्रे मी तशीच लिहिते आणि ती बऱ्यापैकी उतरतात. पण आख्खे रेकॉर्डिंग देऊन त्याचा मजकूर मिळवण्याचा प्रकार मी प्रथमच पाहिला. दोन मिनिटांत कागद हातात आला. त्यात 'लई' शाबूत होते, ह्याचे मला नवल वाटले. बाकी 'व्हती'चे 'होती' झाले होते, 'भिताड' नाहीसेच झाले होते. आणि गंगी 'माझ्या कुशीत' नव्हती, 'माझ्या खुशीत' होती. १९ सेकंदांच्या जागी काहीच नव्हते. 'हात धरून ओढलं' ह्याला लागूनच पुढचे वाक्य होते: 'मस्त वाचली.'

भाचा आधी हसला, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसला.

यंत्रावर रागावण्यात अर्थ नाही. ते पुष्कळांच्या बोलण्यावरून शिकते, आणि ज्यांच्या बोलण्याची रेकॉर्डिंगे आणि त्यांचा मजकूर आयता उपलब्ध आहे, त्यांच्यावरूनच शिकते. पाटणच्या पडवीतली म्हस त्याने कधी ऐकली नसेल, आणि 'मस्त' मात्र हजारदा ऐकले असेल. माझ्या दुसरीतल्या पोराने जे केले तेच त्याने केले: ऐकलेले घरच्या भाषेत फिरवले. फक्त त्याचे घर शहरात आहे. शांततेचे मात्र निराळे आहे. २०२२ साली आलेले व्हिस्पर नावाचे एक यंत्र आहे, ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेले. (भाच्याने वापरले ते हे नव्हे.) अमेरिकेतील संशोधकांनी त्याचे इंग्रजी उतारे तपासले आणि २०२४ साली सांगितले, की शंभरातल्या सुमारे एका उताऱ्यात ते यंत्र कोणी न बोललेली वाक्ये घालते, आणि बोलणारा माणूस मध्येमध्ये जास्त वेळ थांबत असेल, तर हा धोका वाढतो. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. मनुष्य गप्प राहिला, आणि त्याच्या गप्प राहण्याच्या जागी दुसऱ्याची वाक्ये! पण थोडा विचार केल्यावर लक्षात आले, की हे मी कोठेतरी पाहिलेले आहे. ह्यालाच आम्ही 'शब्दांकन' म्हणतो.

कारण यंत्राचा कागद बाजूला सारून मी स्वतः लिहावयास बसले होते. एका अंकासाठी आठवणी हव्या होत्या. मी लिहिले: "त्या काळरात्री धरणीमातेने आपले विक्राळ रूप दाखविले. सासूबाईंनी मला ओढून बाहेर काढले. पण माझ्या काळजाचा तुकडा मात्र मातीच्या ढिगाऱ्याखाली कायमचा निजला." खाली बारीक अक्षरांत 'शब्दांकन' आणि माझे नाव. म्हैस मी गाळली. इतक्या करुण प्रसंगी म्हैस बरी दिसत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटले.

पाठवण्यापूर्वी आत्याला वाचून दाखवावे म्हणून मी पुन्हा वाडीला गेले. तिने डोळे मिटून सगळे ऐकले. म्हणाली, "चांगलं लिवलंस. कुनाचं हाय ह्ये?"

"तुझंच की गं आत्या."

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "मंग म्हस कुटं गेली?"

त्या दिवशी मी लेख मागे घेतला, आणि घरी येऊन कपाटातली पुस्तके काढली. इतर लोकांनी हे काम कसे केले आहे, ते मला पाहावयाचे होते.

पहिले पुस्तक हातात आले ते हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका'. १९५९च्या त्याच नावाच्या चित्रपटात त्यांनी काम केले होते. आपली हकीकत त्यांनी अरुण साधूंना सांगितली, ती 'माणूस'मधून आली, आणि १९७० साली तिचे पुस्तक झाले. पुढे १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' काढला. पुस्तक पातळ आहे, आणि माझ्या मते शब्दांकन केलेल्या मराठी आत्मकथांत त्याच्या तोडीचे थोडेच असेल. साधू पुढे स्वतः मोठे कादंबरीकार झाले. पण ह्या पुस्तकात त्यांनी आपली कादंबरी कोठे डोकावू दिलेली नाही. बाई लाजिरवाणे सांगतात तेही सरळ सांगतात आणि पुढे जातात; कोठे छाती पिटून घेत नाहीत. मी माझ्या दोन ओळींत जेवढी विशेषणे घातली, तेवढी तिथे पानभरात सापडावयाची नाहीत. तरीही ह्या वेळी वाचताना मला एक गोष्ट खटकली, आणि ती ह्या पुस्तकापुरती नाही, सगळ्या शब्दांकनांची आहे. प्रश्न कोठे गेले? सांगणारा एकटा बोलत नसतो. समोर कोणीतरी बसलेले असते, ते विचारते, मान हलवते, 'मग?' म्हणते. छापताना आपण ते माणूस उचलून घेतो, आणि मग वाचणाराला वाटते की सांगणाराने आपण होऊन ह्याच क्रमाने, ह्याच गोष्टी सांगितल्या. माझ्या आत्याने भूकंपाचे सांगितले ते मी विचारले म्हणून. मी काही न विचारता पडवीत बसले असते, तर तिने शेंगांचा भाव सांगितला असता. कोणत्या गोष्टीने आयुष्य मोजावयाचे, हे तिने नव्हे, मी ठरवले होते. निदान प्रश्न तरी छापावेत, म्हणजे वाचणाराला कळेल की बोट कोणी धरले होते.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण तुम्हा सर्वांच्या माहितीचे आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी म्हणत. चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी ह्यांनी ती लिहून ठेवली. बाई १९५१च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली. ह्या गोष्टीत सगळे लोक बहिणाबाईंच्या प्रतिभेचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. मला मात्र अलीकडे सोपानदेवांच्या हाताचे फार कौतुक वाटते. ते शिकलेले होते, स्वतः कवी होते, त्या काळची गोंडस कविता त्यांच्या बोटांत होती. आईच्या खानदेशी बोलीला थोडी सफाई आणावी, शाळेच्या वाचनमाला डोळ्यांपुढे ठेवून चार शब्द बदलावेत, हा मोह त्यांना झाला नसेल असे मला वाटत नाही. मला एका पानात झाला! त्यांनी बोली ठेवली, म्हणून आज आपल्याजवळ बहिणाबाई आहेत. 'होती'ची 'व्हती' करून खेडेगाव उभे करणे सोपे. 'व्हती'ची 'होती' न करणे, हे आईवर विश्वास असल्याशिवाय होत नाही.

पण गाणे लिहिले म्हणजे गाणे उतरले असे नाही. ओव्यांचे पाहा. छापील पुस्तकात ओवी दोन ओळींची, फार तर चार ओळींची असते. आमच्या आत्यानेच मला जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या, तेव्हा ती अर्धी ओळ दोनदा म्हणे, मध्ये 'बाई' घाली, जाते जड झाले की शब्द ताणी, दुसरी बाई ती ओळ उचली. छापताना हे सारे गळते आणि चाळणीत तांदळासारखी स्वच्छ ओवी उरते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्या दोघांनी १९८०नंतरच्या काळात खेडोपाडी हिंडून बायकांच्या ओव्या गोळा करावयास आरंभ केला. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या खटपटीने हजारांहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आधी त्या हातांनी लिहिल्या गेल्या. पुढे बर्नार्ड बेल ह्यांच्या साहाय्याने पुष्कळ ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून 'पारी' ह्या संस्थेने त्या आवाजासह लोकांपुढे ठेवावयास सुरुवात केली. तिथे मी एक ओवी आधी वाचली आणि मग ऐकली. वाचताना ती भावाची स्तुती वाटली. ऐकताना कळले की बाई दमलेली आहे. ह्या दोघांचे एक काम मला फार मोलाचे वाटते: ओवीबरोबर म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ठेवलेले आहे. एरवी आपल्या लोकसाहित्याच्या संग्रहांत बायका नसतातच. असते ते 'लोकमानस'. लोकमानसाला जाते ओढावे लागत नाही.

नावाची गोष्ट निघाली म्हणून एक किस्सा सांगून घेते. १९०२ साली गेस्बर्ग नावाच्या साहेबाने कलकत्त्याला गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तबकड्या तयार व्हावयाच्या त्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना आवाजावरून गाणारणीचे नाव कसे कळावे? म्हणून गाणे संपताच बाईंनी मोठ्याने आपले नाव इंग्रजीत सांगावयाचे, आणि ते ऐकून कागदावर लिहावयाचे. म्हणजे आपल्याकडच्या अगदी आरंभीच्या तबकड्यांवरच 'हे कोण बोलते आहे' हे बोलणाराने स्वतः सांगितलेले आहे. गाण्यापेक्षा ती घोषणा मला अधिक धीट वाटते.

सर्वांत शेवटी मी लीळाचरित्र काढले. शाळेच्या पुस्तकात त्याचा एखादा उतारा वाचला असेल तेवढाच माझा परिचय. पण ह्या वेळी मी ते निराळ्या गरजेने वाचले, आणि सातशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाने माझी अडचण ओळखली होती असे मला वाटले. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी म्हाइंभटाने गोळा केल्या, साधारण १२७८च्या सुमारास. परंपरा सांगते, की ज्या प्रसंगी जो जो हजर होता, त्याच्याकडे म्हाइंभट जाऊन विचारीत असे, आणि ऐकलेले नागदेवाचार्यांकडून पडताळून घेत असे. त्या काळात ना मोबाइल, ना तबकडी. तरी त्यातले बोलणे वाचताना कोणी आपल्या खांद्यामागे उभे राहून बोलत असल्याचा भास होतो, कारण वाक्ये आखूड आहेत आणि म्हाइंभट मध्ये तोंड घालीत नाही. पुढे मूळ पोथी धाडीत गेली आणि लोकांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. तेव्हा जिथे दोघांचे सांगणे जुळेना, तिथे त्यांनी काय केले? दोन्ही ठेवली. हिराइसेचा पाठ असा, परशरामबासांचा असा, रामेश्वरबासांचा असा. एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवून कथा गुळगुळीत करावी, असे त्या लोकांना वाटले नाही, आणि ज्या माणसांच्या ओठांवरचे प्रत्येक अक्षर त्यांना पवित्र होते, त्यांच्याच बाबतीत वाटले नाही! आज आम्ही कोणाही पुढाऱ्याची, नटाची आत्मकथा शब्दांकित करतो, तेव्हा 'ह्याविषयी त्यांच्या भावाचे सांगणे वेगळे आहे' अशी एक ओळ घालावयाचे धैर्य आम्हाला होत नाही.

भाषा जपण्यासाठीही असे काम झालेले आहे. ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषापाहणीत उधळ्या मुलाची एकच गोष्ट शेकडो बोलींत सांगवून घेतली. मराठीचा खंड १९०५ साली निघाला. तुलना करण्यास ते सोयीचे, पण घरोघरच्या माणसांनी एक परकी गोष्ट सांगितली, स्वतःची नाही. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अलीकडे जे बोलींचे सर्वेक्षण केले, त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या माणसांचे आवाज आणि त्यांच्या स्वतःच्या गोष्टी आहेत. ज्याला 'ग्रामीण बोली' लिहावयाची आहे अशा प्रत्येक कादंबरीकाराने, माझ्यासकट, ती आधी ऐकावी.

तर आता आत्याच्या म्हशीविषयी. म्हैस का, हे मी तिला विचारले. घर पडले, धान्य मातीत गेले, आणि पुढचा महिनाभर वाडीतली लहान पोरे त्या एका म्हशीच्या दुधावर राहिली. तिचे नाव पाखरी. हे झाले कारण. पण रेकॉर्डिंग पुन्हा ऐकताना मला दुसरेही ऐकू आले. सासूने ओढले, इथवर ऐकणारा गंगीची वाट पाहत असतो. १९ सेकंदांनी 'वाचली' हे क्रियापद येते, ते म्हशीला लागून येते. 'गंगी गेली' असे आत्या म्हणालेलीच नाही. मी 'काळजाचा तुकडा' लिहून ते तिच्या तोंडून वदवले होते. कादंबरीत मला असे एक वाक्य साधले असते तर मी वर्षभर मिरवले असते. आणि तेच मी, म्हैस बरी दिसत नाही म्हणून खोडले.

मी आता तिसऱ्यांदा लिहिते आहे. माझे प्रश्न डाव्या बाजूला, तिचे बोलणे उजव्या बाजूला. दर दोन पानांनी जाऊन वाचून दाखवते. 'व्हती' ठेवावे की 'होती', हे मी तिला विचारले, तर म्हणाली, "मी काय म्हन्ते त्ये लिव. तुज्या मास्तरनीला काय वाटंल त्ये नगं." मास्तरीण मीच आहे, हे तिच्या लक्षात होते. माझे अर्धे लिखाण तिने नापसंत केले आहे; एका ठिकाणी मी 'सासू' लिहिले ते 'सासूबाय' करून घेतले, बोलताना ती 'सासू'च म्हणाली होती तरी. मी आधी ऐकेना. मग लीळाचरित्र आठवले आणि दोन्ही लिहिले.

१९ सेकंदांच्या जागी काय लिहावयाचे, ते तिलाच विचारावे म्हणून मी ते रेकॉर्डिंग तिच्या कानाला लावले. स्वतःचा आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. चेहऱ्यावर काही दिसेना. शांततेचा भाग आला, कोंबडी ओरडली, तशी ती एकदम म्हणाली, "ही आपली तुरेवाली. गेल्या पावसात मांजरानं नेली बग." आणि पुन्हा लाव म्हणाली. आम्ही ते तीनदा ऐकले. वहीत त्या जागी मी एवढेच लिहिले आहे: 'इथे आत्या १९ सेकंद बोलली नाही. कोंबडी ओरडली.' सात पाने झाली आहेत, तंबूतल्या दिवसांची हकीकत अजून राहिली आहे, आणि दिवाळीची सुटी लागताच मी वाडीला जाणार आहे.